इम्युनिटीच्या गोळ्यांचा डबा: काय ठेवायचं, काय बंद करायचं

प्रश्न असा आला आहे: "आम्ही धायरीत राहतो, घरात चौघं. मी 42, हिंजवडीत आयटीत. बायको 39, शिक्षिका. आई 69, बारा वर्षांपासून डायबेटिस, मेटफॉर्मिन चालू, शेवटचं एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 9.2. मुलगा सहा वर्षांचा. गणपतीपासून घरात कुणी ना कुणी आजारी आहेच. इम्युनिटीसाठी सगळ्यांना रोज व्हिटॅमिन सीची 500 ची चघळायची गोळी, मला आणि बायकोला झिंक 50, बायकोला शिवाय केस-नखांची एक गोळी, मुलाला गमीज, आईला च्यवनप्राश, गुळवेलीचा काढा आणि सव्वा वर्षापासून दर रविवारी व्हिटॅमिन डीची पुडी असं चालू आहे. आता मेव्हण्याने 4,200 रुपयांचं इम्युनिटी किट सुचवलंय. घ्यावं का? आईला हल्ली मळमळतं, तहान फार लागते, पोट साफ होत नाही. त्यासाठी आणखी एखादं व्हिटॅमिन लागेल का?"

आधी आईंचं बोलू. तुम्ही ते शेवटी, जाता जाता लिहिलंय, पण वाचताना मी तिथेच थांबले.

रविवारची ती पुडी आजपासून बंद करा. त्या एका पुडीत 60,000 युनिट ड जीवनसत्त्व असतं. वजनात जेमतेम दीड मिलिग्रॅम, म्हणून कुणाला त्याचा धाक वाटत नाही. पण रोजची गरज सहाशे-आठशे युनिटांची असते, आणि देखरेखीशिवाय मोठ्या माणसाने रोज 4,000 च्या वर जाऊ नये असं धरतात. दर रविवारी एक पुडी म्हणजे रोजचे साडेआठ हजार झाले. कमतरता असेल तर आम्ही ही पुडी आठवड्याला एक अशी साधारण आठ आठवडे देतो, मग थांबवतो किंवा महिन्याला एकवर आणतो. आईंच्या चिठ्ठीवरही बहुधा तेच लिहिलेलं असेल. पण चिठ्ठी कपाटात राहते, रिकामं पाकीट केमिस्टकडे जातं, तो "तीच ना?" म्हणून पुढची देतो, आणि आठ आठवड्यांचं सव्वा वर्ष होतं. साठ-पासष्ट पुड्या, म्हणजे चाळीस लाखांच्या आसपास युनिट.

सगळ्यांनाच यातून त्रास होतो असं नाही. पण मळमळ, तहान, बद्धकोष्ठ हे तिन्ही एकत्र आले की पहिला संशय रक्तातलं कॅल्शियम वाढल्याचा घ्यायचा. ड जीवनसत्त्व आतड्यातून कॅल्शियम ओढून घेतं. रक्तातलं कॅल्शियम प्रमाणाबाहेर गेलं की मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही, म्हणून लघवी वाढते, म्हणून तहान वाढते. घरात डायबेटिस असला की सगळे म्हणतात शुगर वाढली असेल, आणि ती वाढलेली असतेही, त्यामुळे दुसरं कारण कुणी शोधतच नाही. उद्या सकाळी आईंचं कॅल्शियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तीही थांबवा, तिच्यातही बहुतेक वेळा ड असतंच. बीपीच्या गोळीत पाण्याची, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी मिसळलेली असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा, त्यातल्या काही गोळ्या कॅल्शियम आणखी चढवतात. आणि उलट्या सुरू झाल्या, आई गुंगीत दिसल्या किंवा असंबद्ध बोलू लागल्या, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलमध्ये न्या.

घाबरवायचं म्हणून लिहीत नाही. माझ्याकडे एका आजोबांना "विसरायला लागलेत, वय झालं" म्हणून आणलं होतं. गुडघ्यासाठी एकीकडे सहा लाख युनिटांचं इंजेक्शन झालेलं, दुसरीकडून पुड्या चालू, मुलगी परदेशातून डीच्याच गोळ्या पाठवत होती. तिघांचा एकमेकांना पत्ता नव्हता. कॅल्शियम 14 निघालं, ते साडेदहाच्या आत हवं असतं. ते उतरलं तशी त्यांची स्मृतीही परत आली, पण पूर्ण खाली यायला कित्येक महिने गेले, कारण ड जीवनसत्त्व चरबीत साठतं आणि तिथून हळूहळू झिरपत राहतं.

हे पुणेकराला खडकवासल्यावरून समजतं. धरण भरलं की मुठा नदीत विसर्ग सुरू होतो, तसं पाण्यात विरघळणाऱ्या क जीवनसत्त्वाचं आहे. गरजेपेक्षा जास्त घेतलंत की उरलेलं लघवीतून वाहून जातं, तुमचे पैसेही त्याच वाटेने. ड आणि अ यांच्या धरणाला मात्र असे दरवाजे नाहीत. पाणी येतच राहिलं तर ते चढतच जातं. आणि धरण आधीच भरलेलं असताना आणखी पाणी सोडलं म्हणून नळाला जास्त दाब येत नाही, हेही लक्षात ठेवा. बाकी सगळं उत्तर यातूनच निघतं: गोळीने कमतरता भरून निघते, जिथे कमतरताच नाही तिथे गोळी ताकद चढवत नाही.

आता "इम्युनिटी" या शब्दाकडे येते. पेशंट दारातून आत येतानाच म्हणतात, "डॉक्टर, इम्युनिटी फार कमी झालीय." मी विचारते, म्हणजे नेमकं काय होतं? उत्तर असतं: थकवा, अंगात कसकस, जिना चढताना धाप, झोपून उठल्यावर ताजं वाटत नाही. यातलं एकही प्रतिकारशक्ती कमी असल्याचं लक्षण नाही. तपासलं की हिमोग्लोबिन नऊ निघतं, थायरॉइड निघतो, शुगर निघते, बी-12 निघतं, आणि बऱ्याचदा रात्री एकपर्यंत मोबाइल निघतो. थकव्याला इम्युनिटीचं नाव दिलं की खरं कारण सापडायला सहा महिने उशीर होतो, तेवढ्यात दोन-तीन डबे संपतात.

शिवाय प्रतिकारशक्ती "वाढवणं" नेहमी चांगलंच असतं, हेही कुणी ठरवलं? 2025 च्या जानेवारीत आपल्याच पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रोड इथे जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या गिया-बारे आजाराचे रुग्ण सापडायला लागले, आकडा दोनशेच्या वर गेला, तेव्हा माझ्या ओपीडीत रोज कुणीतरी इम्युनिटीची गोळी मागायला यायचं. मी त्यांना खुर्चीत बसवून सांगायचे की हा आजार इम्युनिटी कमी पडल्याने होत नाही. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू पोटात जातो, जुलाब होतात, शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. त्या जंतूचं वरचं आवरण आपल्या नसांवरच्या आवरणासारखं दिसतं, म्हणून तीच प्रतिपिंडं नसांवर तुटून पडतात. सैन्य जागंच होतं, माणूस ओळखण्यात चुकलं. तेव्हा उपयोगाचं होतं ते पाणी उकळून पिणं. त्या महिन्यात मी सर्वाधिक वेळा लिहिलेलं औषध तेच.

तुमच्या डब्यातली क जीवनसत्त्वाची गोळी हे सगळ्यात लोकप्रिय आणि बहुतेकांना निरुपद्रवी प्रकरण. तिचा दबदबा लायनस पॉलिंग यांच्यामुळे. दोन नोबेल मिळालेला माणूस, रसायनशास्त्राचं 1954 चं आणि शांततेचं 1962 चं. 1970 मध्ये त्यांनी रोज ग्रॅमच्या हिशोबाने क जीवनसत्त्व घ्या, सर्दी होणार नाही असं लिहिलं आणि जगाने ते उचलून धरलं. पुढे चाळीसेक वर्षं चाचण्या झाल्या. 2013 मध्ये त्यांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा अकरा हजारांवर लोकांच्या चाचण्यांतून दिसलं ते असं: रोज गोळी घेतल्याने सर्वसामान्य माणसाला सर्दी होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. झालेली सर्दी मोठ्यांत सुमारे 8 टक्के आणि मुलांत 14 टक्के लवकर आटोपली. म्हणजे सात दिवसांची सर्दी मोठ्यांची अर्धा दिवस आणि मुलांची एक दिवस आधी गेली, तेही सर्दी नसतानाही रोज गोळी घेतल्यावर. नाक वाहायला लागल्यावर गोळी सुरू करणाऱ्यांना तर ठाम असा फायदा दिसलाच नाही, आणि आपण सगळे घेतो ते तेव्हाच.

एक अपवाद आहे आणि तो मला आवडतो. मॅरेथॉन धावणारे, बर्फावर स्कीइंग करणारे, कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक, अशा 598 जणांच्या पाच चाचण्यांत मात्र सर्दीचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. तेव्हा तुम्ही डिसेंबरातल्या पुणे मॅरेथॉनची तयारी करत असाल, पूर्ण 42 किलोमीटरची, तर त्या काही आठवड्यांत गोळी घ्या, माझी हरकत नाही. रविवारी सिंहगड चढून पिठलं-भाकरी खाऊन येणं यात बसत नाही.

आपल्याकडच्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम क पुरतं, बाईला 65. एका मध्यम पेरूत दोनशेच्या आसपास असतं. आवळ्यात त्याहूनही जास्त. दोनशेपर्यंत शरीर जवळजवळ सगळं शोषून घेतं, एका वेळी ग्रॅमभर घेतलंत तर निम्मंही नाही. वरण-भातावर लिंबू पिळायची आपली पद्धत या हिशोबात चोख बसते: लिंबू ताटात पिळलं जातं, शिजत नाही म्हणून क टिकतं, आणि डाळीतलं लोह शोषायला मदत होते. मात्र लगेच वर चहा प्यायलात तर त्या लोहावर पाणी पडलं. ज्यांना मुतखडा होऊन गेलाय त्यांनी मोठ्या मात्रेची क गोळी घेऊच नये, तिचं शरीरात ऑक्झलेट बनतं. आणि ही आंबट गोळी रोज चघळून दातांवरचं आवरण झिजतं ते वेगळंच. मुलाची तर आजच बंद करा. त्याची दिवसाची गरज पन्नास मिलिग्रॅमच्या आत आहे, तुम्ही दहापट देताय.

आता एक कबुली. 9 मार्च 2020 ला पुण्यात राज्यातले पहिले कोविड रुग्ण सापडले आणि पुढच्या दोन वर्षांत आम्ही डॉक्टरांनी क, झिंक आणि ड यांच्या चिठ्ठ्या अक्षरशः गठ्ठ्याने लिहिल्या. मीही लिहिल्या. हातात दुसरं काही नव्हतं, आणि पेशंटला रिकाम्या हाताने पाठवणं जड जायचं. अमेरिकेत घरीच उपचार घेणाऱ्या 214 कोविड रुग्णांवर रोज 8,000 मिलिग्रॅम क आणि 50 मिलिग्रॅम झिंक देऊन चाचणी झाली. लक्षणं लवकर कमी झाली नाहीत, काही फायदा निघेना म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली. तो निकाल 2021 मध्ये आला. आम्ही लिहून दिलेल्या सवयी मात्र लोकांच्या घरात अजून आहेत, तुमच्या डब्यातलं झिंक हे त्याच काळातलं असणार.

ते झिंकही बंद करा. लहान मुलाला जुलाब लागले की ओआरएसबरोबर 10 ते 14 दिवस 20 मिलिग्रॅम झिंक देतात, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला निम्मं. त्याने खरोखर फायदा होतो, तिथे ते औषध आहे. पण धडधाकट माणसाने महिनोन्‌महिने रोज 50 घेणं म्हणजे 40 ची वरची मर्यादा रोज ओलांडणं. जास्तीचं झिंक आतड्यात तांब्याची वाट अडवतं. तांबं कमी पडलं की रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी घटतात, हातापायाला मुंग्या येतात. पांढऱ्या पेशी घटतात, हे पुन्हा वाचा. प्रतिकारशक्तीसाठी घेतलेली गोळी प्रतिकारशक्तीचेच शिपाई कमी करते.

तुम्ही स्वतः मात्र ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत कच्चे असण्याची शक्यता आहे. सकाळी सातला बसमध्ये, रात्री आठला घरी, मधे दिवसभर काचेच्या इमारतीत. काचेतून ड बनवणारे किरण येतच नाहीत, खिडकीशी बसून उपयोग नाही. आपल्याकडे "कोवळं ऊन घ्यावं" म्हणतात, ते मनाला छानच वाटतं, पण सात वाजताच्या कोवळ्या उन्हात ते किरण जवळजवळ नसतात. ऊन हवं ते साधारण अकरा ते दोनच्या दरम्यानचं, हात-तोंड उघडं ठेवून पंधरा-वीस मिनिटं, सावळ्या कातडीला आणखी थोडं. जेवणाच्या सुट्टीत इमारतीभोवती फेरी मारा. जमत नसेल तर रोज हजार युनिटांची साधी गोळी पुरे, तिला तपासणीचीही गरज नाही. पुडी नको.

याने सर्दी-खोकला टळेल का? 2017 मध्ये पंचवीस चाचण्यांतल्या सुमारे अकरा हजार लोकांचा हिशोब आला तेव्हा आम्हाला आशा वाटली होती. ज्यांचं ड अगदी तळाला होतं आणि जे रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं घेत होते त्यांना श्वसनाचे आजार कमी झालेले दिसले. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना फायदा नव्हता. नंतर आणखी चाचण्यांची भर पडली तसा तो फायदा पुसट होत गेला. इंग्लंडमध्ये सहा हजारांवर लोकांत ड कमी आहे का ते तपासून, कमी असणाऱ्यांना गोळ्या दिल्या. कोविडही कमी झाला नाही आणि बाकीची सर्दीही. तेव्हा ड घ्यायचं ते हाडांसाठी. मोठ्या डोसाने तर हाडांचंही भलं होत नाही: ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिलं तर त्या पडल्याही जास्त आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. ही चाचणी 2010 ची. तरी इंजेक्शनं चालूच आहेत.

पुण्याची खरी कमतरता वेगळीच आहे आणि तुमच्या डब्यात नेमकी तिचीच गोळी नाही. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे आणि आसपासच्या 441 मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं, खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय. 67 टक्क्यांचं बी-12 कमी निघालं. सगळ्यात वाईट स्थिती होती शहरी मध्यमवर्गाची, 81 टक्के. पैसे कमी म्हणून कमतरता, हे गणित इथे उलटं पडलं. बी-12 येतं मांस, मासे, अंडी आणि थोडंफार दुधा-दह्यातून. पालकात नाही, स्पिरुलिनात आहे म्हणतात ते शरीराला चालत नाही.

मी स्वतः सदाशिव पेठेत शाकाहारी घरात वाढले. चाळिशी उलटल्यावर संध्याकाळी तळपायांची आग व्हायला लागली. दिवसभर ओपीडीत उभं राहून होत असेल म्हणून मी वर्षभर तेल चोळलं. शेवटी एका पेशंटने विचारलं, "तुमचं बी-12 केलंत का?" रिपोर्ट 140 आला, निदान दोनशेच्या वर हवा. पेशंटला रोज सांगायची गोष्ट स्वतःच्या पायाशी आली तेव्हा दिसली नव्हती.

तुमच्या आईंना याचा दुहेरी धोका आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-12 चं शोषण कमी होतं, आणि जोडीला पित्ताची गोळी रोज असेल तर आणखी. उद्याच्या रक्तातच बी-12 घालून टाका. कमी निघालं तर गोळी की इंजेक्शन हे त्यांचे डॉक्टर ठरवतील. तुम्ही आणि बायको शाकाहारी असाल तर तुमचंही एकदा बघा. याने सर्दी थांबेल असं मी म्हणणार नाही, पण "इम्युनिटी कमी झालीय" असं ज्याला आपण म्हणतो तो थकवा बऱ्याचदा इथेच सापडतो.

आणि प्रतिकारशक्तीचाच विषय असेल तर तुमच्या घरात ती खरोखर एकाच व्यक्तीची कमी आहे: आईंची. कारण एचबीएवनसी 9.2. रक्तात साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी जंतूपर्यंत वेळेवर पोचत नाहीत आणि पोचल्या तरी त्याला नीट गिळत नाहीत. 2021 च्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने ज्यांना गाठलं त्यांच्यात मधुमेही माणसं किती होती हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. 9.2 चं साडेसात झालं तर त्यांच्यासाठी याहून मोठं इम्युनिटी बूस्टर बाजारात नाही. त्यात तुम्ही त्यांना इम्युनिटीसाठी च्यवनप्राश देताय! डब्यामागचा तक्ता वाचा, साखर कितव्या क्रमांकावर आहे ते बघा. साखर नसलेलाही मिळतो, पण त्याचीही गरज नाही. आवळा हवा तर आवळा खाऊ दे, मीठ लावून.

गुळवेलीच्या काढ्याबद्दल लिहिलं की मला रागावणारे लोक भेटतात, तरी लिहिते. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृताला सूज आल्याचं नोंदवलं. पुढे देशभरातल्या तेरा केंद्रांतून अशा 43 रुग्णांची माहिती एकत्र आली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली गेली असू शकते. असेलही. पण कुंपणावरून तोडून आणलेली वेल नेमकी कोणती हे तुम्ही आणि मी ओळखू शकत नाही, आणि आजारी पडलेल्यांत ज्यांच्या प्रतिकारशक्तीची आधीच स्वतःच्या शरीराशी कुरबुर होती असेही होते. आईंच्या यकृताच्या तपासण्या होईपर्यंत काढा बंद. नंतर वैद्यांना विचारून, ओळखीच्या ठिकाणचा घ्यायचा तर घ्या, रोज वर्षभर नको.

त्यांना गोळ्यांऐवजी दोन लसी द्या. फ्लूची दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी एप्रिल-मेमध्ये, आणि न्यूमोकॉकल न्यूमोनियाची. या लसी प्रतिकारशक्तीला ठरावीक शत्रूचा फोटो दाखवतात. गोळी तसं काही दाखवत नाही.

मुलाबद्दल तुम्ही फार काळजीत दिसता, आणि तिथे मला सगळ्यात कमी काळजी वाटते. शाळेत जाणाऱ्या लहान मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होतो, त्यात जून ते डिसेंबर एका पाठोपाठ एक. त्याचं शरीर वर्गातल्या चाळीस मुलांच्या जंतूंची ओळख करून घेतंय. तो मधल्या काळात खेळतो, जेवतो, वजन वाढतंय ना? मग ठीक आहे. वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, वरचेवर सलाइनमधून अँटिबायोटिक द्यावी लागली, खोल गळवं झाली, वजन थांबलं, तर गमीज न देता बालरोगतज्ज्ञांकडे न्या. गमीज ही जीवनसत्त्व घातलेली गोळी-बिस्किटाची बहीण आहे. मूल ती खाऊ समजून डबाभर खातं, आणि त्यात लोह असेल तर तो विषप्रयोग ठरतो. डबा वरच्या फळीवर ठेवा आणि संपला की नवा आणू नका.

मेव्हण्यांचं किट. नातं सांभाळून नाही म्हणायचं असेल तर डब्याच्या मागची बारीक अक्षरं त्यांनाच वाचायला सांगा. असली उत्पादनं औषध म्हणून नाही, अन्नपूरक म्हणून विकली जातात, आणि "औषधी उपयोगासाठी नाही" असं त्यावर छापावंच लागतं. पुढच्या बाजूला सिंहाचा फोटो, मागच्या बाजूला हे वाक्य. "नैसर्गिक आहे, नुकसान तर नाही ना" असं ते म्हणतील. फिनलंडमध्ये 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत गाजरातलं तेच बीटा-कॅरोटिन गोळीतून दिलं, तर ज्यांना ते मिळालं त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी वाढला. 1994 मध्ये हे छापून आलं.

त्या 4,200 रुपयांत काय करता येईल? आपल्याच देशातला एक निकाल बघा. झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात टीबीच्या रुग्णांच्या घरच्यांना सहा महिने दरमहा तांदूळ-डाळ आणि जोडीला सूक्ष्म पोषकं दिली. दहा हजारांवर लोक या चाचणीत होते. ज्यांना शिधा मिळाला त्यांच्यात टीबी 39 टक्क्यांनी कमी झाला. आता शेजारी मंगोलियाचा निकाल ठेवा: 8,851 शाळकरी मुलं, जवळजवळ सगळ्यांचंच ड जीवनसत्त्व कमी, तीन वर्षं दर आठवड्याला 14,000 युनिट दिलं. रक्तातलं ड छान वाढलं, टीबीचा संसर्ग मात्र तेवढाच राहिला. झारखंडमध्ये गोळी नव्हती असं नाही, पण ती भरल्या ताटाबरोबर होती. तुमच्या घरात उपासमार नाही, म्हणून तोच आकडा तुम्हाला लागू होणार नाही. पण सकाळी चहा-खारीवर निघणारे तुम्ही, डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी नेणारी बायको, रात्री वरणाचं पाणी आणि भात खाणाऱ्या आई, यांच्या ताटात डाळ-उसळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं, एवढं वाढवायला 4,200 रुपये बरेच दिवस पुरतील.

राहता राहिली बायकोची केस-नखांची गोळी. तिच्यात बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व बऱ्याच मोठ्या मात्रेत असतं आणि त्याने थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येतात, काही वेळा हृदयविकाराच्या ट्रोपोनिनचाही. थकव्यासाठी त्यांचं रक्त तपासणार असाल तर ती तीन दिवस आधी थांबवा, नाहीतर नसलेल्या थायरॉइडची गोळी सुरू होईल. आणि थायरॉइडची गोळी आधीच चालू असेल तर कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यानंतर चार तासांनी.

आईंचं रक्त उपाशीपोटी द्यायचं आहे, पण पाणी भरपूर पिऊ द्या, तहान दाबायला लावू नका. कॅल्शियमचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत मिळतो. साडेदहाच्या वर आला तर त्याच संध्याकाळी त्यांच्या डॉक्टरांना दाखवा, रिकाम्या पुड्यांचं पाकीट बरोबर घेऊन.